सोनीची सावड

पेणजवळच्या गडब गावात हौसाशी सावड करायला बायका घाबरायच्या. ती कामचुकार होती म्हणून नव्हे हो, उलटंच. सावड म्हणजे काय, तर आज तू माझ्या शेतावर लावणीला ये, उद्या मी तुझ्या शेतावर येते. पैशाचं नाव नाही, अंगाची फेड अंगानं. बाकीच्या बायका दुसऱ्याच्या शेतात जरा हात राखूनच काम करतात, खोटं कशाला बोला. कुणाला मध्येच तहान लागते, कुणाचं लेकरू घरी रडत असतं. हौसा मात्र दुसऱ्याच्या चिखलात उतरली की मान वर करायची नाही, आणि मग आपल्या चिखलात त्या बाईकडून तेवढंच काम मागायची. नाही झालं तर बांधावरून सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं विचारायची, "शकू, माझ्या शेतात तुझी कंबर दुखते काय गो? तुझ्या शेतात माझी नाय दुखली ती!"

शकू तिची शेजारीण आणि नात्यानं चुलत जाऊ. दोघींचं दिवसातून दोनदा वाजायचं आणि संध्याकाळी कालवणाची वाटी इकडची तिकडे जायची. हौसाचा नवरा महिपती गरीब माणूस. घरात तो बोलायचा कमी आणि बोललाच तर "बरं" म्हणायचा. एकुलती लेक लग्न होऊन कोलाडला गेलेली, तिच्या मांडीवर तान्हं मूल. असा सगळा नीट चाललेला संसार होता, आणि दोन हजार दहा सालच्या लावणीत हौसाच्या डाव्या छातीत गाठ लागली.

लागली म्हणजे हाताला लागली तेव्हा. आधीपासून होतीच. हौसानं घरात कुणाला सांगितलं नाही, कारण लावणी चालू होती आणि लावणीत आजारी पडायला तिला वेळ नव्हता. स्वतःची लावणी तिनं उरकली, सावडीच्या बायकांची एकेक करून फेड केली. शेवटी एकट्या शकूची राहिली. त्याच सकाळी निडीहून तिचा भाऊ नाथा आला. हौसानं चार दिवस आधी भावजयीजवळ बोलता बोलता गाठीचा विषय काढला होता, आणि भावजयीनं तो पोटात ठेवला नव्हता. नाथा रोह्याच्या कंपनीत होता. शिफ्ट सोडून आलेला, त्यामुळे आधीच पेटलेला. त्यानं बहिणीला शकूच्या शेतावर जाऊच दिलं नाही, चिखलात नेसायचं लुगडं बदलायला लावलं आणि थेट रोह्याच्या डॉक्टरकडे नेलं. रोह्याच्या डॉक्टरनं गाठ बघितली आणि मुंबईच्या मोठ्या इस्पितळात जायला सांगितलं. श्रावणात ऑपरेशन झालं. त्यानंतर सहा डोस घ्यायचे ठरले, दर तीन आठवड्यांनी एक. केमो.

गावातल्या बायका भेटायला आल्या. शकू म्हणाली, "तू कायपण काळजी करू नको. तुझी कापणी आम्ही करू, मुंबईला पण आलटून पालटून येऊ."

"नको," हौसा म्हणाली.

"नको काय? सावडीनं येऊ."

"तेच नको. घेतली तर फेडायची कोणी? मी नाय ऱ्हायले तर हे येणार काय तुमच्या लावणीला? ह्यांना आपली रोपं सरळ लावता येत नायत."

महिपती दारात बसला होता. तो यावर "बरं"सुद्धा म्हणाला नाही. बायका उठून गेल्या. हौसाला मरणाची भीती वाटत होती, ती तिनं अशी बोलून दाखवली होती. पण ते तिच्या तोंडून भांडणासारखं निघालं, म्हणून कुणाला नीट कळलं नाही.

पहिल्या डोसाला महिपती सोबत गेला. नर्सनं "हौसा महिपती" असा पुकारा केला, तेव्हा महिपतीच उठून उभा राहिला आणि बाहीसुद्धा वर सरकवली. हौसानं त्याला हाताला धरून खाली बसवलं आणि स्वतः आत गेली. लाल रंगाचं औषध नळीतून तिच्या अंगात जात होतं. ते घरी आल्यावर लघवीतून लाल उतरलं, तेव्हा दोघंही घाबरली. मग आठवलं की नर्सनं हे आधीच सांगितलं होतं. येताना एसटीत पेणपर्यंत उलट्या. त्यानंतर तोंडाची चव गेली. भात खाल्ला तरी गंजका खिळा चघळतोय असं वाटायचं. हौसा ताट सरकवायची आणि महिपतीवर खेकसायची की भात नीट शिजवता येत नाही तर चुलीजवळ जाता कशाला.

दुसऱ्या डोसाआधी केस जायला लागले. फणी घातली की झुबकाच हातात यायचा. एका सकाळी हौसानं ठरवलं, हे रोजचं रडगाणं नको, एकदाच भादरून टाकू. गावच्या न्हाव्याला बोलवा म्हणून तिनं महिपतीला सांगितलं, आणि लग्नाला तीस वर्षं होऊन गेलेला तो मुका माणूस पहिल्यांदा ओरडला.

"अगो, मी जिवंत हाय अजून!"

बाईच्या डोक्यावरचे केस नवरा मेल्यावर उतरवायची जुनी रीत त्यानं आपल्या आजीच्या बाबतीत बघितली होती. हौसाला हसू आवरेना. पुढच्या घासाला तोंड भाजणार, पोट ढवळणार, सगळं माहीत असून ती पोट धरून हसली. मग तिनं न्हाव्याचा नाद सोडला आणि स्वतःच कात्री घेतली. महिपती तेवढा वेळ गोठ्यात जाऊन बसला.

तिसरा डोस झाला आणि शिवारात भात पिवळं पडलं. कापणी लागली. इथं हौसानं एक चूक केली. डॉक्टरनं बजावलं होतं की डोसानंतर आठ-दहा दिवसांनी अंगातली ताकद आतून सगळ्यात कमी असते, तेव्हा जपायचं. पण उलट्या तर तोवर थांबलेल्या असायच्या, चार घास पोटात गेलेले असायचे. हौसाच्या हिशेबी जपायचे दिवस संपलेले असायचे. तिला बरं वाटत होतं, आणि बरं वाटताक्षणी तिला शकूची राहिलेली सावड आठवली. लावणीची राहिली ती राहिली, कापणीला फेडू. महिपती पेणला गेलेला बघून ती डोक्याला फडकं गुंडाळून, विळा घेऊन शकूच्या शेतात हजर झाली.

शकू किंचाळली. "तुला येड लागलंय काय? जा घरी!"

"सरक," हौसा म्हणाली आणि कापायला लागली.

शकूनं बडबड केली, हात धरला, शेवटी थकली. हौसाला उचलून घरी नेणं तिच्या बापाच्यानं झालं नसतं. दुपारी विळा डाव्या करंगळीवर घसरला. एरवी अशी कापाकापी कापणीत कोण मोजतो. हौसानं हळद भरली, चिंधी बांधली आणि संध्याकाळपर्यंत कापत राहिली. जाताना शकूला म्हणाली, "फिटली तुझी." तिच्या जिवाला फार बरं वाटलं.

दोन दिवसांनी ताप भरला. दात वाजत होते आणि चार गोधड्यांखाली अंग उडत होतं. महिपतीनं रिक्षा करून तिला पेणला दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट बघितला, मुंबईला फोन केला, सलाईन लावलं. पुढचे काही दिवस महिपतीनं पेणच्या त्या बाकड्यावरच काढले. ताप उतरल्यावर डॉक्टरीणबाई हौसाला ओरडल्या. म्हणाल्या, करंगळीवर जीव गेला असता तुमचा, कशासाठी गेलात शेतात?

"गेला असता तर गेला असता," हौसा म्हणाली. "कुणाची सावड बाकी नाय ठेवली."

घरी आल्यावर तिनं सांगून टाकलं की उरलेले तीन डोस ती घेणार नाही. नाथा आला, ओरडला, रडला. निडीला आमच्या घरी ये, आम्ही सगळं बघतो म्हणाला. हौसानं ऐकून घेतलं आणि त्याला चहा पाजून परत पाठवला. महिपतीला कापणी अर्धवट टाकून मुंबई करणं जमण्यासारखं नव्हतं, आणि बायकांना बोलवायला हौसा तयार नव्हती. चौथ्या डोसाची तारीख जवळ येत चालली होती. महिपती रात्रंदिवस तिच्याकडे बघत बसायचा आणि ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

त्याच आठवड्यात डोंगराच्या पायथ्याच्या आदिवासी वाडीवरची सोनी मजुरीला आली. ती दर कापणीला यायची. उंच, काटक, दातांना सदा मिश्री, आणि तोंड असं की गावात हौसाला पुरून उरणारी तेवढी एकच. मजुरीवरून दोघींची दरवर्षी जुंपायची. महिपतीनं बांधावर तिला सगळं सांगितलं. सोनीनं विळा खाली ठेवला आणि ती सरळ घराकडे चालू लागली. अंगणात नेहमीच्या जागी उकिडवी बसली आणि आत बघून ओरडली, "हौसाबाय, मुंबईला कधी जायचं?"

"मी नाय जात."

"का?"

"कंटाळा आला. आणि न्यायला हाय कोण? ह्यांना कापणी, बायकांना कापणी, भावाला शिफ्ट."

"मी हाय."

हौसा उठून दारात आली. "तुझी मजुरी बुडंल. ती आम्ही देऊ, पण—"

"मजुरी नको. सावड मांड."

"सोने, तुला शेत हाय काय? मी फेडू कुठं, तुझ्या चुलीवर?"

"ते माझं मी बघीन. शेत नाय तर दुसरं कायतरी निघंल. पण तुझ्यासंगती मजूर म्हणून नाय येत मी. सावडीनं येते. घ्यायची तर घे, नायतर ऱ्हा पडून."

"आणि मी मेले तर?"

"तर माझी बुडाली," सोनी म्हणाली. "बघू, बुडवतेस काय ती."

हौसाला असा राग आला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं आयुष्यात कुणाची सावड बुडवली नव्हती, आणि ही बया तिच्या अंगावर अशी सावड टाकत होती की ती फेडायला जगायला लागणार होतं. नाही म्हणावं तर तोंडावर अपमान. सावडीला आलेल्या बाईला गावात कुणी परत पाठवत नाही. हौसानं दाराची चौकट घट्ट धरली. मग म्हणाली, "पहाटेची एसटी हाय. उशीर केलास तर थांबायची नाय मी."

सोनी बुजणारी नव्हती. नवऱ्याबरोबर, बुधाबरोबर, ती लांबलांबच्या वीटभट्ट्यांवर जाऊन आलेली. मुंबईच्या त्या इस्पितळात महिपतीला जी खिडकी तीनदा जाऊन सापडली नव्हती, ती तिनं पाच जणांना विचारून शोधून काढली. रांगेत मध्ये घुसणाऱ्या एका शर्टपँटवाल्याला तिनं असा झापला की तो थेट शेवटी जाऊन उभा राहिला. नर्सनं विचारलं, सोबत कोण आहे, नातं काय? सोनी म्हणाली, "सावड." नर्सला कळेना. हौसानं पलंगावरूनच सांगितलं, "बहीण लिहा हो."

या वेळी औषध बदललं होतं. ते तासन् तास चाललं. हौसाच्या तोंडात फोड आले होते, पाणीसुद्धा झोंबायचं. सोनीनं डब्यातून तांदळाची पेज आणली होती. ती चमच्यानं एकेक घोट तिच्या तोंडात घालू लागली. हौसाच्या घरी, अंगणाकडच्या कोनाड्यात सोनीचा चहाचा पेला वेगळा ठेवलेला असायचा. तो तिथं हौसानंच ठेवला होता. तो तिला आठवला आणि तिला लाज वाटली. ती पेज गिळत राहिली. सोनी मात्र बोलत होती. तिच्या डोक्याकडे बघून म्हणाली, "लय गुळगुळीत दिसतंय. माझा बुधा म्हणतो, अशी बाय बरी, झिंज्या धरायला नाय मिळत."

"तुझा बुधा धरतो काय झिंज्या?"

"एकदा धरलेल्या. मग नाय."

दोघी खुदखुदल्या आणि पलीकडच्या पलंगावरची बाई, नळी लावलेली, तीपण हसायला लागली.

दिवाळीनंतर वाडी भट्ट्यांवर निघाली. बुधा पुढे गेला, सोनी मागे राहिली. पाचव्या डोसाला शकू म्हणाली, आता कापणी झाली, मी येते. हौसा म्हणाली, "सावड सोनीशी मांडलीय." शकू फुरंगटली. सहावा डोस पौषात झाला, आणि दुसऱ्याच दिवशी सोनी गाठोडं बांधून बुधाकडे गेली. निघताना अंगणात चहा प्यायली. हौसानं तो घरातल्या कपात दिला. सोनीनं कपाकडे बघितलं, हौसाकडे बघितलं आणि म्हणाली, "साखर कमी हाय."

मग हळूहळू एकेक गोष्ट परत आली. माघात शेतात पोपटी लावली होती. मडक्यात भामरुडाचा पाला आणि वालाच्या शेंगा भरून, मडकं उपडं करून, भोवती जाळ. हौसानं एक शेंग सोलली, दाणा तोंडात टाकला आणि म्हणाली, "मीठ कुणी टाकलंय? कमी हाय." महिपती आनंदानं मीठ आणायला घरापर्यंत पळत गेला, आणि आला तोवर शेंगा संपल्या होत्या. केस आले ते कुरळे आले. बोटांची टोकं मात्र बधिरच राहिली. वाल सोलताना दाणा चिमटीत आहे की नाही, हे तिला डोळ्यांनी बघून कळायचं. डॉक्टर म्हणाले, होईल किंवा नाही होणार. आणि दर तीन महिन्यांनी तपासणी.

जेठात शकूनं विचारलं, "यंदा सावडीचं कसं?"

"मजूर लावू आम्ही," हौसा म्हणाली. "माझा काय भरवसा."

"आता तर बरी झालीस की गो."

"डॉक्टर नाय तसं म्हणत. बघू म्हणतो." तपासणीच्या तारखेपुढचं काहीच ती कुणाशी ठरवत नव्हती. लेकीनं दिवाळीला या म्हटलं, तरी "बघू" म्हणायची.

लावणीच्या दिवसांत सोनी आली. अंगणात बसली नाही, उभीच राहिली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं. वाडीवरची माणसं डोंगराच्या उतारावर पिढ्यान् पिढ्या दळीची, म्हणजे जंगलखात्यातली जमीन कसत आली होती, पण ती त्यांच्या नावावर नव्हती. यंदा वनहक्काचा कागद झाला होता. बुधाच्या आणि सोनीच्या नावावर तुकडा आला होता. खालच्या अंगाला त्यांनी बांध घालून दोन खाचरं केली होती.

"उद्या लावणी धरलीय," सोनी म्हणाली. "हौसाबाय, सावड."

महिपती म्हणाला, "चिखल... डॉक्टर..."

"डॉक्टरला विचारलंय मी. झेपंल तेवढं कर म्हणाला." हौसानं खरंच विचारलं होतं, गेल्याच तपासणीला. का विचारलं, ते तेव्हा तिलाही सांगता आलं नसतं.

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावभर झाली. शकू कुंपणापाशी आली. "वाडीवर जाणार म्हणे तू? त्यांच्या शेतात राबायला? आजवर कोण गेलंय काय गो? गाव काय म्हणंल?"

"गाव मुंबईला आलं नव्हतं पेज पाजायला."

"मी येत होते! तूच नको म्हणालीस!"

हे खरं होतं. हौसा कधी नव्हे ते माघार घेऊन घरात गेली. शकू पुढे आठ दिवस तिच्याशी बोलली नाही.

सोनी तीनदा मुंबईला आली होती, म्हणून हौसा तीन दिवस गेली. खाचरं लहान, माणसं सोनी, बुधा आणि हौसा. बुधानं तिच्यासाठी बांधावर पोतं अंथरलं आणि रोपांच्या मुठी नुसत्या फेकत बस म्हणाला. हौसानं ते पोतं उचलून त्याच्याच अंगावर टाकलं. "सावडीला आलेय, पाव्हणी नाय." चिखलात उतरली, वाकली, आणि पहिल्याच ओळीत तिला कळलं की हातात रोप आहे की नाही हे बोटांना समजत नाही. चिखल गार आहे की कोमट, तेही नाही. प्रत्येक रोपाकडे बघून ते खोचायचं, मग पुढचं. आयुष्यात तिनं कधी रोपाकडे बघून लावणी केली नव्हती. तिची ओळ मागे पडत होती, वाकडी जात होती. मागून सोनीचा आवाज आला, सगळ्या उताराला ऐकू जाईल असा, "बाय! वाकडी गेली ओळ! उपट आणि परत लाव! माझं शेत हाय ते, खेळ नाय!"

हौसा ताठ उभी राहिली. शिवी ओठांवर आली होती. मग ती खाली वाकली आणि ओळ उपटून परत लावायला लागली. दुपारी सोनीनं मालकिणीच्या तोऱ्यात बांधावर भाकऱ्या आणि खेकड्याचं कालवण मांडलं. खालच्या वाटेनं गावातली माणसं जात होती, वर बघत होती. हौसानं भाकरी मोडली आणि पोटभर जेवली.

तिसऱ्या दिवशी ऊन कलता कलता शेवटचं रोप लागलं. दोघी ओढ्यावर हातपाय धुवायला बसल्या. सोनी मिश्री लावत म्हणाली, "फिटली तुझी, बाय. आता माझं तुझ्यावर कायपण नाय."

हौसानं पाण्यात हात धरले होते. हे शब्द ऐकून तिला बरं वाटायला हवं होतं. गेल्या कापणीला शकूची फिटली तेव्हा वाटलं होतं, आणि त्यानंतर ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तेव्हाही तिच्यावर कुणाचं काही उरलं नव्हतं. सोनीनं चूळ भरली, लुगडं पिळलं, निघायला उठली.

"सोने," हौसा म्हणाली, "दिवाळीच्या तोंडाला माझी कापणी हाय."

"मग?"

"येशील काय सावडीला?"

सोनीनं तिच्याकडे नीट बघितलं. "येईन की. आणि पुढच्या लावणीला तू माझ्याकडं?"

"येईन," हौसा म्हणाली.